ओपनएसएसएचची आवृत्ती ९.२ च दिसते आहे, मग सुरक्षात्रुटी दुरुस्त झाली असे कसे मानावे?

रात्रपाळी (प्रश्न)

माझ्याकडे डेबियन १२ या लिनक्स वितरणावर चालणाऱ्या एका सर्व्हरची देखभाल आहे. बाहेरच्या लेखापरीक्षकांनी नुकताच त्यावर त्रुटी शोधणारा स्कॅनर चालवला आणि ओपनएसएसएचची (दूरवरून सुरक्षित लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती ९.२पी१ असल्यामुळे सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षात्रुटींच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक) ही त्रुटी अजून उघडी असल्याचा अहवाल दिला. ९.८पी१ वर जावे, अशी त्यांची शिफारस आहे. मी लगेच एप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, अपडेट करून पाहिले, तर पॅकेज अद्ययावत असल्याचे उत्तर आले आणि आवृत्ती होती तीच राहिली.

मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून सोर्स उतरवून ९.८ स्वतः कंपाइल करावे, असे सहकाऱ्याचे मत आहे. तसे करणे योग्य होईल का? आणि करू नये असे असेल, तर दुरुस्ती खरोखर झाली आहे हे लेखापरीक्षकांना कशाच्या आधारे दाखवावे? त्याच अहवालात एका जावा अनुप्रयोगाबद्दलही तक्रार आहे, परंतु प्रथम हा विषय मिटवावा असे वाटते.

किल्लीकुलूप

कंपाइल करू नका. स्कॅनरने आकडा वाचला आहे, त्रुटी तपासलेली नाही.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत एकदा घेतलेले पॅकेज सहसा त्याच मूळ क्रमांकावर ठेवले जाते आणि पुढे त्रुटी सापडली की नव्या आवृत्तीतून केवळ दुरुस्तीपुरता भाग उचलून जुन्या कोडवर बसवला जातो. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. पॅच या शब्दाचा मूळचा अर्थ ठिगळ असा आहे आणि इथे तो अगदी अक्षरशः लागू पडतो. सदरा जुनाच राहतो, फाटलेली जागा तेवढी शिवली जाते. त्यामुळे ९.२पी१ हा आकडा बदलत नाही, बदलते ती त्यामागची शेपटी. या त्रुटीची दुरुस्ती डेबियन १२ मध्ये ९.२पी१-२+डेब१२यू३ या पॅकेजात आली, म्हणजे शेवटचा अंक ३ किंवा त्याहून मोठा असेल तर तुमचे पॅकेज सुरक्षित आहे. गंमत अशी की डेबियनचा एसएसएच सर्व्हर जोडणी होताच जी पहिली ओळ पाठवतो, तिच्यात ही शेपटी सहसा असतेच. म्हणजे पुरावा स्कॅनरच्या हातात होता, पण त्याने अर्धीच ओळ वाचली.

ही पद्धत नवी नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा मूळ प्रकल्पाने १.०.१जी काढली, पण डेबियन ७ मध्ये दुरुस्त झालेले पॅकेज १.०.१ई असेच नाव लावून होते. अक्षर पाहून घाबरलेले तेव्हाही बरेच होते.

लेखापरीक्षकांना दोन गोष्टी द्या. एक, डीपीकेजी या आज्ञेने दाखवलेला पॅकेजचा पूर्ण क्रमांक. दुसरी, पॅकेजच्या चेंजलॉगमधील (बदलांच्या नोंदवहीतील) सीव्हीई क्रमांक असलेली नोंद किंवा डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवरील त्या त्रुटीचे पान. सहकाऱ्यांना एवढेच सांगा की सोर्सवरून बसवलेले ९.८ एप्टला दिसत नाही, त्यामुळे पुढची त्रुटी निघेल तेव्हा ती कळवणारे कोणी नसेल आणि त्या पॅकेजचे देखभालकर्ते तुम्हीच व्हाल.

जुनाखांब

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र डिस्कवर पॅकेज दुरुस्त झाले म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम दुरुस्त झाला असे नाही आणि घोळ बहुधा इथेच होतो.

लिनक्समध्ये लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या सामाईक कोडची, फाइल बदलली तरी जी प्रक्रिया (चालू प्रोग्रॅम) आधीपासून चालू आहे, तिने जुनी प्रत मेमरीत धरून ठेवलेली असते. फाइलचे नाव डिस्कवरून पुसले जाते, पण प्रक्रिया बंद होईपर्यंत जुना कोडच चालतो. चालू प्रक्रियांची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक या फोल्डरखालच्या मॅप्स फाइलमध्ये अशा लायब्ररीपुढे 'डिलीटेड' अशी खूण दिसते. नीडरीस्टार्ट हे साधन हेच शोधून कोणत्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतील ते सांगते. हार्टब्लीडच्या वेळी डेबियनला पहिल्या सूचनेनंतर पॅकेज पुन्हा काढावे लागले होते आणि त्या दुसऱ्या पॅकेजात, अपडेट करतानाच संबंधित सेवा पुन्हा सुरू करण्याविषयी विचारण्याची सोय घातली होती.

तुमच्या ओपनएसएसएचपुरते बोलायचे तर पॅकेज बसताना सेवा आपोआप पुन्हा सुरू होते. सध्याच्या लॉगिन जोडण्या जुन्या प्रक्रियेवर चालू राहतात, पण त्यांची चिंता नको, कारण ही त्रुटी लॉगिन पूर्ण होण्याआधीच्या टप्प्यातली आहे. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सामान्यतः १२० सेकंदांत, लॉगिन न झाल्यास जो सिग्नल येतो, त्याच्या हाताळणीत असुरक्षित फंक्शन बोलावले जात होते. ती मुदत शून्य करण्याचा तात्पुरता उपायही सुचवला गेला होता, पण त्याने अर्धवट जोडण्या साचून सर्व्हर अडवता येतो. पॅच उपलब्ध असताना त्या वाटेला जाऊ नये.

दीपमाळ

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण 'स्कॅनर चुकतो' हा निष्कर्ष सरसकट काढू नये, अशी माझी विनंती आहे. बॅकपोर्टचा दिलासा फक्त वितरणाच्या पॅकेजांना लागू आहे आणि तोही त्या आवृत्तीचा आधार संपेपर्यंतच.

आपण बाजूला ठेवलेली जावाची तक्रार मी उलट आधी उघडली असती. जार फाइलच्या (जावाच्या बांधलेल्या गठ्ठ्याच्या) पोटात दुसरी जार असते आणि तिच्या पोटात लॉगफोरजे ही नोंदी लिहिणारी लायब्ररी. एप्टला यातले काहीच दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमधील सीव्हीई-२०२१-४४२२८ साठी २.१५.० आली, ती दुरुस्ती अपुरी ठरली म्हणून २.१६.०, मग २.१७.० आणि महिना संपण्यापूर्वी २.१७.१. पहिला पॅच लावून निश्चिंत झालेल्यांना त्याच महिन्यात पुन्हा कामाला बसावे लागले. तिथे कोणी बॅकपोर्ट करून देत नाही. अनुप्रयोग ज्या लायब्ररीवर अवलंबून आहे तिची आवृत्ती बदलून तो पुन्हा बांधावा लागतो.

मात्र याचा अर्थ नेहमी नवीनतम आवृत्तीच्या मागे धावावे असाही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या त्या वेळच्या सर्वांत नव्या आवृत्त्यांतच मुद्दाम घुसवलेले मागचे दार सापडले. डेबियन १२ मध्ये ५.४.१ होती, म्हणून तो वाचला.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. पॅकेजच्या शेपटीत यू३ च्या पुढचा अंक निघाला. चेंजलॉगमधील नोंद पाठवल्यावर लेखापरीक्षकांनी तो मुद्दा मागे घेतला.

जुनाखांब यांच्या सांगण्यावरून मॅप्स तपासले आणि तिथे मात्र खजील व्हायची वेळ आली. ओपनएसएसएलचे अपडेट केव्हाच झाले होते, पण आमचाच एक छोटा प्रोग्रॅम चार महिन्यांपासून जुनी लायब्ररी धरून बसला होता. तो सेवा म्हणून नोंदवलेला नव्हता. कोणीतरी टीमक्सच्या (लॉगआउट केले तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या) खिडकीत हाताने सुरू करून तसाच सोडला होता आणि कोणत्या पर्यायांनिशी सुरू केला होता, हे कोणालाच आठवत नव्हते. शेवटी प्रॉकमधल्या सीएमडीलाइन फाइलमधून ती आज्ञा उतरवून घेतली, प्रोग्रॅम बंद केला आणि सिस्टमडीची (लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) सेवा लिहून पुन्हा सुरू केला. 'डिलीटेड' ही खूण आता एकाही प्रक्रियेपुढे नाही. लेखापरीक्षकांच्या अहवालात याचा उल्लेखही नव्हता.

जार फाइली आज रात्री उघडून पाहतो.