मदत हवी आहे: पोकळ कॅथोड पुन्हा पेटेना

मंडळी, हॉल थ्रस्टरसाठी (उपग्रहाचं विद्युत इंजिन) छोटा पोकळ कॅथोड, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारी नळी, बनवतोय. आत लँथॅनम हेक्झाबोराइडचा इन्सर्ट (तापला की इलेक्ट्रॉन सोडणारा भाग), बाहेर टँटलमची नळी. बेरियमवाला टंगस्टन इन्सर्ट १०००-११०० अंशांवरच भरपूर इलेक्ट्रॉन सोडतो, पण ऑक्सिजन नि ओलावा त्याला अजिबात सोसत नाही. आमची व्हॅक्यूम टाकी काही तेवढी सोवळी नाही, म्हणून १६०० अंश लागणाऱ्या पण जास्त सोशीक लँथॅनम हेक्झाबोराइडचा रस्ता धरला. सोव्हिएत थ्रस्टरांतही हाच पदार्थ असायचा.

पहिल्यांदा कीपरला (कॅथोडच्या तोंडासमोरचा, तो पेटवणारा इलेक्ट्रोड) ३०० व्होल्ट देताच पेटला. दहाव्या वेळी ६०० देऊनही ढिम्म. उघडलं तर इन्सर्ट नळीला घट्ट चिकटलेला, आणि टँटलम चिमट्यात धरताच बिस्किटासारखं तुटलं. बोरॉन धातूत शिरलं, हे आता कळलं (आधी वाचायला हवं होतं, मान्य!).

आता मधे ग्राफाइटचं अस्तर घालतोय. ते किती जाड ठेवावं? प्रसरण इन्सर्टशी जुळावं म्हणून ग्राफाइट निवडताना नेमकं काय बघता? हीटरची शक्ती वाढवावी लागेल का? कॅथोडमधून सोडायला झेनॉन वायू परवडत नाही, चाचण्या आर्गॉनवर चालल्यात. न पेटण्यात त्याचाही हात असेल? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा, दुसरा इन्सर्ट एकच उरलाय.