रविवारची ड्यूटी आणि तिसरी आज्ञा

बार्देसकर (प्रश्न):
मी कळंगुट येथील एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करतो. पर्यटनाच्या हंगामात, विशेषतः डिसेंबरमध्ये, रविवारी सुटी मिळणे जवळपास अशक्य असते आणि सकाळच्या मिस्सेची (चर्चमधील उपासनेची) वेळ नेमकी पाहुण्यांच्या निघण्याच्या गर्दीत येते. आई म्हणते की हा देवाच्या तिसऱ्या आज्ञेचा, म्हणजे विसाव्याचा दिवस पवित्र पाळण्याच्या आज्ञेचा, भंग आहे. कोल्हापूरकडचा माझा प्रोटेस्टंट सहकारी म्हणतो की तारण कृपेने मिळते, कर्माने नव्हे, तेव्हा इतके मनाला लावून घेऊ नये. मला दोघांचेही पुरते पटत नाही. पोटापाण्याच्या कामापुढे आज्ञापालन कुठवर धरून ठेवावे?

सासष्टीचा वाचक:
आधी व्यवहाराचे सांगतो. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या विधिसंहितेनुसार आदल्या संध्याकाळच्या मिस्सेला उपस्थित राहिल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. गोव्यात शनिवारी संध्याकाळची मिस्सा बऱ्याच चर्चमध्ये असते. शिवाय कुटुंबाची गरज हे गंभीर कारण मानले जाते, त्यामुळे फादरांशी एकदा मोकळेपणाने बोलावे. शब्बाथ (विसाव्याचा दिवस) मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, हे येशूचेच वचन आहे.

घाटावरचा:
तुमच्या सहकाऱ्याने बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन वाचलेले दिसते. त्याने दहावेही वाचावे, कारण देवाने आधी योजून ठेवलेल्या सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केले आहे, असे पौल तिथेच लिहितो. आम्ही प्रोटेस्टंट (आमच्या मोजणीत ही आज्ञा चौथी येते) आज्ञापालनाला तारणाची किंमत मानत नाही, पण म्हणून ते ऐच्छिक ठरत नाही. माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल, असे प्रभूने शिष्यांना शेवटच्या रात्री सांगितले, आणि ती प्रीती कृपा मिळालेल्याकडूनच अपेक्षित आहे.

बाणावलीकर:
दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी सवलत कुठपर्यंत आहे एवढेच शोधत बसण्याची सवय मला धोक्याची वाटते. बायबलमधील शौल राजाला शत्रू अमालेक्यांचे सर्व काही नष्ट करण्याची देवाची आज्ञा होती, तरी त्याने त्यांची उत्तम मेंढरे राखून ठेवली आणि ती यज्ञासाठी आहेत, असे शमुवेल संदेष्ट्याला सांगितले. सबब धार्मिक होती, पण यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, असे संदेष्ट्याने त्याला ठणकावले. आपले गोव्याचे धर्मगुरू संत जोसेफ वाझ यांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) डचांच्या अमलाखाली कॅथलिक लोक धर्मगुरूंविना होते आणि तिकडे जाण्याची वाझ यांना ओढ होती. पण 1681 मध्ये गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी त्यांना कानडा प्रांतात (आजच्या कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे) पाठवले. तिथले काम त्यांनी मन लावून केले आणि 1687 मध्ये वेष पालटून ते सिलोनला पोहोचले. स्वतःची चांगली इच्छासुद्धा बाजूला ठेवावी लागते, तेव्हा आज्ञापालनाचा खरा कस लागतो.

बार्देसकर:
शनिवारच्या मिस्सेची चौकशी करतो. पण रविवारी बारा तास काउंटरवर उभे राहिल्यावर ‘विसावा’ कुठे उरतो, हा प्रश्न राहतोच.

सासष्टीचा वाचक:
तो प्रश्न एकट्या तुमचा नाही. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ही आज्ञा घराच्या धन्याला उद्देशून आहे: तू, तुझे मुलगे-मुली, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या वेशीआतला परका, कोणीही काम करू नये. म्हणजे नोकराला विश्रांती देणे हे मालकावरचे बंधन आहे, आणि आपल्याकडे हॉटेल चालवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना हे कोणी फारसे ऐकवत नाही. तूर्तास रोस्टर लावणाऱ्याशी बोला. एखादा हिंदू सहकारी रविवारची सकाळ सांभाळील. चवथीच्या दिवसांत त्याची ड्यूटी तुम्ही घ्या.