बेकारी भत्त्याची वसुली सॉफ्टवेअरवर सोडायची का? माझं मत: पत्र पाठवू दे, पण कोणी फसवलं हे त्याने ठरवू नये

सुजाता_नोव्ही
शनिवारी एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे एक काका म्हणाले की कोविडमध्ये बेकारी भत्त्याचे जे जास्तीचे पैसे वाटले गेले ते आता अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी एआय लावून वसूल करावेत, हिशेबच तर आहे, त्यात माणसं कशाला हवीत. तिथे चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसले पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो आणि इथे हे एकदा करून झालंय. ऑक्टोबर 2013 मध्ये राज्याच्या बेकारी विमा एजन्सीने मायडास नावाची सिस्टिम चालू केली, खर्च साधारण 4 कोटी 70 लाख डॉलर, आणि त्याच सुमारास एजन्सीतली जवळजवळ एक तृतीयांश माणसं कमी केली. सिस्टिम सहा-सहा वर्षं मागचे क्लेम उकरायची, मालकाने कळवलेला पगार आणि माणसाने सांगितलेला पगार जुळला नाही की त्याच्या ऑनलाइन खात्यात प्रश्नावली टाकायची, उत्तराला 10 दिवस. आता विचार करा, ज्याला चार वर्षांपूर्वी नोकरी लागली तो बेकारीच्या पोर्टलवर कशाला लॉगिन करेल? उत्तर आलं नाही की सिस्टिम आपणच ठरवायची की यानं जाणूनबुजून फसवलं. मग मूळ रक्कम, तिच्या चौपट दंड आणि वर 12 टक्के व्याज. म्हणजे हजार डॉलरचे पाच हजार तर पत्र उघडायच्या आधीच झालेले. पगारातून कापले, टॅक्स रिफंड अडवले, कित्येकांनी दिवाळखोरी काढली.

माणसाचा हातच लागला नव्हता अशी ऑक्टोबर 2013 ते ऑगस्ट 2015 मधली 22,427 प्रकरणं नंतर एजन्सीने स्वतः परत तपासली आणि त्यातली 93 टक्के चुकीची निघाली. एकूण 40,000 च्या आसपास लोकांवर खोटा ठपका बसला. लोक कोर्टात गेले, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की नुकसानभरपाई मागता येते, आणि त्या ऑक्टोबरमध्ये 2 कोटी डॉलरवर तडजोड झाली. नऊ वर्षं! ज्याचं घर 2015 ला गेलं त्याला 2022 चा चेक काय कामाचा.

मंदार_एडिसन
सुजाताताई, मायडास वाईट होतं हे मान्य. पण एका वाईट सिस्टिमवरून वसुलीच बंद करा म्हणणार असाल तर मला पटत नाही, आणि हे मी दुकान चालवणारा माणूस म्हणून बोलतोय. हा पैसा आकाशातून पडत नाही. फेडरल बेकारी कर आम्ही मालक भरतो, माणशी पहिल्या 7,000 डॉलरवर 6 टक्के, राज्याची सवलत धरून 0.6 पडतो, आणि राज्याचा कर त्याच्यावर वेगळा. आमच्या न्यू जर्सीत तर कामगाराच्या पगारातूनही कापतात. फंड आटला की राज्य केंद्राकडून कर्ज काढतं. कॅलिफोर्नियाचं सुमारे 20 अब्ज डॉलरचं कर्ज फिटलं नाही म्हणून तिथल्या मालकांची सवलत 2022 पासून दरवर्षी थोडी थोडी कापली जातेय. त्या मालकांनी कोणाला फसवलं होतं?

2020 च्या उन्हाळ्यात माझ्याकडे पत्र आलं की तुमच्या अमुक कामगाराने बेकारीचा क्लेम केलाय, आणि तो पोरगा तेव्हा माझ्यासमोर गल्ल्यावर उभा होता, त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर चोरून कोणीतरी क्लेम टाकलेला. तो कळवायला फोनवर किती तास घालवले त्याची गणती नाही. ही चोरी केवढी होती तर जीएओचा, म्हणजे केंद्राचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा, 2023 चा अंदाज 100 ते 135 अब्ज डॉलर, तोही फक्त कोविड काळातल्या बेकारी कार्यक्रमांमधला. एवढं शोधायला कारकून किती लावणार तुम्ही? एकच बँक खातं तीस क्लेमवर दिसतंय हे मशीनच पकडू शकतं.

प्रसाद_कोथरूड
मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या पेरोलवर काम करतो, 11 वर्षं झाली, त्यामुळे दोघांनाही थोडं सांगतो. मंदारदादा म्हणतायत ते तीस क्लेमवर एक खातं, मेलेल्या माणसाच्या नावावर क्लेम, हे मशीन खरंच चांगलं पकडतं कारण तिथे डेटाच गोष्ट सांगतो. गडबड होते ती पगाराच्या जुळवणीत. मालक पगार कळवतो तिमाहीचा, भत्ता मिळतो आठवड्याचा. समजा एक बाई जानेवारीपासून सहा आठवडे कामावर होती, आठवड्याला 1,300 प्रमाणे 7,800 कमावले, मग नोकरी गेली आणि तिमाहीचे उरलेले सात आठवडे भत्ता घेतला, एकदम बरोबर. आता सॉफ्टवेअरने 7,800 ला 13 ने भागलं की प्रत्येक आठवड्याला 600 दिसतात, म्हणजे बाई सातही आठवडे कमवत होती आणि लपवत होती. भागाकार बरोबर आहे हो, पण त्या भागाकाराला अर्थच नाही. मायडासमध्ये हेच चाललं होतं. क्रॉसमॅच, म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदींची ही जुळवणी, फक्त एवढंच सांगतो की इथे विचारून बघा, त्याच्यापुढे त्याला काही कळत नाही.

आणि इकडे आपल्याकडेही पीएम-किसानच्या वेळी इन्कम टॅक्स भरणाऱ्यांच्या याद्या जुळवून तहसीलमधून परताव्याच्या नोटिसा गेल्याच की, त्यामुळे हा विषय फक्त तिकडचा समजू नका.

केतकी_मेलबर्न
प्रसाद, तू भागाकार लिहिलास आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे ऑस्ट्रेलियात सरकारची रोबोडेट नावाची वसुली म्हणजे तेच होतं. तिथे तिमाही होती, इथे अख्खं वर्ष. टॅक्स ऑफिसकडचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, 26 पंधरवड्यांत सारखं वाटायचं आणि सेंटरलिंकच्या, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याच्या, नोंदीशी जुळलं नाही की कर्जाचं पत्र. आधी वर्षाला 20,000 प्रकरणं बघायचे ती आठवड्याला 20,000 झाली. सिद्ध कोणी करायचं? ज्याला पत्र आलं त्याने, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधून. उन्हाळाभर कॅफेत काम करून उरलेलं वर्ष भत्त्यावर काढलेली कॉलेजची पोरं यात सगळ्यात जास्त सापडली.

असं करायला कायदा बदलावा लागेल हे 2014 मध्येच सरकारच्या वकिलांनी सांगितलं होतं, तरी 2019 पर्यंत चालवलं. मग 4 लाख 70 हजार कर्जं रद्द करून पैसे परत करायची वेळ आली. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल जुलै 2023 मध्ये आला. कमिशनसमोर दोन आयांनी साक्ष दिली, दोघींचेही मुलगे असल्या कर्जाच्या तगाद्यात आत्महत्या करून गेलेले. मंदारदादा, तुमचा राग मी समजू शकते पण चुकीच्या पत्राची किंमत ज्याला पत्र येतं त्याच्याच घरात मोजली जाते हो.

विद्याधर_डॅलस
सगळं ऐकलं. पण जास्तीचे पैसे खात्यात आले असतील तर ते परत करायचेच असतात, चूक कोणाची का असेना. बँकेने चुकून टाकले तर आपण ठेवतो का? यात एवढं भावनिक व्हायचं कारण दिसत नाही.

सुजाता_नोव्ही
विद्याधरजी, मग मिशिगनचंच पुढचं ऐका. कोविडमध्ये स्वतंत्र धंदेवाल्यांसाठी जी फेडरल मदत होती तिच्या अर्जात आमच्या एजन्सीने पात्रतेची काही कारणं अशी घातली जी फेडरल नियमात नव्हतीच. लोकांनी खरं तेच लिहिलं, पैसे मिळाले, त्यातून भाडं भरलं, औषधं घेतली. 2021 मध्ये लाखो लोकांना पत्रं गेली की पुन्हा पात्रता दाखवा नाहीतर परत करा, आणि ऑडिटर जनरलने असे गेलेले पैसे 3.9 अब्ज डॉलर मोजले. बँकेची चूक तुम्हाला दुसऱ्या दिवशी दिसते. इथे सरकारनेच हो म्हटलं होतं आणि वर्षभराने तेच विचारायला आलं. शेवटी बरीचशी वसुली माफ करावी लागली, आणि माफीची सोय नियमात आहेच, ज्याची चूक नाही आणि परत करणं ज्याच्यावर अन्यायाचं होईल त्याच्यासाठी. कोणाची चूक होती हे विचारायला आधी कोणीतरी फाइल वाचायला नको का?

मंदार_एडिसन
प्रसादचं गणित कळलं, तिमाहीचं मला माहीत असूनही हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पण ताई, तुमच्या बोलण्यात एक भोक आहे. मी आत्ता मायडासबद्दल वाचलं, ज्या प्रकरणांत माणसाचा थोडाफार हात होता तिथेही फेरतपासणीत 44 टक्के चुकीची निघाली. म्हणजे माणूस बसवला की न्याय होतो हे कुठे सिद्ध झालं? त्या माणसाचा पगारही आमच्याच करातून जाणार.

सुजाता_नोव्ही
हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. माणूस खुर्चीत बसवून उपयोग नाही, स्क्रीनवर आधीच फसवणूक असं लिहून आलं असेल आणि समोर ढीग असेल तर तोही बटणच दाबणार. माझं म्हणणं असं आहे की फसवणूक हा शब्द लावायचा असेल तर आधी कोणीतरी त्या माणसाशी आणि मालकाशी बोललं पाहिजे, आणि बोलला कोण त्याचं नाव फाइलवर पाहिजे. तोपर्यंत दंड नाही, पगारातून कपात नाही.

माझ्या ओळखीतल्या एका ताईंचं सांगते, राज्य सांगत नाही. एच-4 वर (नवऱ्याच्या व्हिसावर) वर्क परमिट, 2020 मध्ये नोकरी गेली, भत्ता घेतला. तीन वर्षांनी पत्र, चार हजारांच्या आसपास परत करा, पगार लपवलात. झालं एवढंच होतं की कंपनीने साठलेल्या रजेचे पैसे पुढच्या तिमाहीत दिले होते. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या बाईच्या नावापुढे फसवणूक लागली तर रात्री झोप येईल का? त्यांनी तर घाबरून पैसे भरायचं ठरवलं होतं, नवऱ्याने अडवलं. शेवटी एका बाईने फोन उचलला, जुनी पे-स्लिप बघितली आणि वीस मिनिटांत प्रकरण मिटलं. ती वीस मिनिटं मला सुरुवातीला हवीत.

आणि एक, दंडाचा पैसा कुठे जातो ते बघा. मायडासच्या काळात मिशिगनच्या दंड-व्याजाच्या फंडात 15 कोटी डॉलरच्या वर साठले होते. ज्या खात्याला दंडातून पैसा मिळतो त्याला सिस्टिम चुकतेय हे शोधायची घाई कशी असेल.

मंदार_एडिसन
दंडाचा पैसा त्याच एजन्सीकडे जाऊ नये, यावर सही करतो. चौपट दंड तर राक्षसीच होता, फेडरल किमान 15 टक्के आहे तेवढा पुरे. पण क्रॉसमॅच चालूच राहिला पाहिजे आणि चोरीचे नंबर वापरणाऱ्या टोळ्यांच्या मागे मशीन जोरात लावलं पाहिजे, तिथे मी एक पाऊल मागे घेणार नाही. वीस मिनिटं प्रत्येकाला देता येणार नाहीत हेही माझं मत कायम आहे.

रेवा_फ्रीमॉन्ट
मध्येच बोलते, माझ्या भावाला गेल्या आठवड्यात असंच पत्र आलंय 2021 च्या पैशाचं. तो म्हणतो स्कॅम असेल, टाकून दे. काय करू?

प्रसाद_कोथरूड
टाकू नका. पत्रावरचा नंबर लावू नका, राज्याच्या साइटवर स्वतः जाऊन तिथला घ्या आणि खरं आहे का विचारा. खरं असेल तर अपिलाची तारीख पत्रावरच छापलेली असते, राज्याराज्यात मुदत वेगळी असते, ती चुकली की पुढे सगळं अवघड. लिफाफासुद्धा ठेवा, त्यावरची तारीख कामाला येते. त्या वर्षाच्या पे-स्लिपा आठवड्यागणिक लावून घ्या, तिमाहीची बेरीज देऊ नका.

सुजाता_नोव्ही
रेवा, आणि माफीचा अर्ज वेगळा असतो, अपिलाबरोबर तोही मागून घे. मला मेसेज कर, त्या ताईंनी लिहिलेलं पत्र त्यांना विचारून तुला पाठवते.