नोकरी कॅलिफोर्नियात, मुक्काम नेवाडात: बेकारी भत्त्याचा ऑनलाइन अर्ज कुठे करावा?

शुभदा_क: गेल्या आठवड्यात माझी नोकरी गेली. काम कॅलिफोर्नियातील कार्यालयात होते, परंतु आता आम्ही नेवाडात बहिणीकडे राहायला जात आहोत. मी एच-४ (परदेशी कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) व्हिसावर असून माझ्याकडे कामाचा वैध परवाना आहे. अर्ज कोणत्या राज्याकडे करावा, सेव्हरन्सची (नोकरी सुटताना मालकाने दिलेल्या भरपाईची) रक्कम संपेपर्यंत थांबावे का, आणि भत्ता घेतल्याने पुढे ग्रीन कार्डला बाधा येते का?

पांथस्थ: शुभदाताई, कृपया थांबू नका. राहण्याचे राज्य कोणतेही असो, वेतन जिथे कमावले त्या राज्याकडेच अर्ज करायचा असतो. म्हणजे तुमचा अर्ज कॅलिफोर्नियाच्या ईडीडी या रोजगारविषयक खात्याकडे, त्यांच्या 'यूआय ऑनलाइन' या सेवेतून जाईल. ज्या आठवड्यात अर्ज दाखल होतो त्या आठवड्याच्या रविवारपासून दावा सुरू होतो, शिवाय पहिला पात्र आठवडा बिनपैशांचा जातो, त्यामुळे उशीर केल्यास नुकसान तुमचेच आहे. सेव्हरन्समुळे कॅलिफोर्नियात भत्ता सहसा कापला जात नाही, मात्र ती रक्कम अर्जात लपवू नये. नोटिशीच्या बदल्यात मिळालेल्या पगाराचा हिशेब वेगळा होतो. भत्ता आठवड्याला ४० ते ४५० डॉलर असतो आणि तो आधीच्या तिमाहींमधील वेतनावर ठरतो. अर्ज विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे, हे पक्के समजावे.

अभ्यासू_वाचक: व्हिसाबद्दल लिहितो, कारण आपल्या लोकांत याविषयी फार भीती आहे आणि त्या भीतीपोटी अनेक जण हक्काचा पैसा सोडून देतात. हा भत्ता म्हणजे १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून उभा राहिलेला विमा आहे आणि कॅलिफोर्नियात त्याचा कर मालक भरतो. सरकारवर भार ठरण्यासंबंधीच्या, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याबाबतच्या, २०२२ च्या नियमात तो मोजला जात नाही; तरीही असे नियम बदलत असल्याने ग्रीन कार्डचा अर्ज भरण्यापूर्वी वकिलाला विचारावे. काम करताना आणि भत्ता घेताना, दोन्ही वेळी परवाना वैध असणे मात्र आवश्यक आहे. एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या धारकांची अडचण इथेच होते: त्यांची परवानगी एकाच मालकाशी बांधलेली असल्याने, नोकरी सुटल्यावर 'कामासाठी उपलब्ध' ही अट त्यांना सहसा पूर्ण करता येत नाही.

मेघना_सॅनहोजे: ओळख पटवताना नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, लग्नानंतर आडनावही बदलते, आणि पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड व पगारपत्रक यांवर तीन वेगळी रूपे आढळल्यास दावा पडताळणीत अडकून पडतो. अडकला तरी दर दोन आठवड्यांनी प्रमाणपत्र (त्या आठवड्यांतील पात्रतेची माहिती देणारा फॉर्म) भरणे थांबवू नये, कारण न भरलेल्या आठवड्यांचे पैसे पुढे मंजुरी मिळूनही हाती येत नाहीत. मधे एखादे किरकोळ काम केलेत तर पैसे हाती आले तेव्हाचे नव्हे, काम केले त्या आठवड्याचे आणि कपातीपूर्वीचे वेतन नोंदवा. नेवाडातील पत्ताही ईडीडीला लगेच कळवा. नकाराची नोटीस पाठवल्या तारखेपासून अपिलाला ३० दिवसच असतात, आणि ती जुन्या पत्त्यावर गेली तर मुदत हकनाक निघून जाते.

शुभदा_क: मनःपूर्वक आभार. अर्ज आजच भरते. या भत्त्यावर प्राप्तिकर लागतो का?

पांथस्थ: केंद्राचा लागतो, कॅलिफोर्नियाचा लागत नाही. प्रमाणपत्र भरताना १० टक्के कपातीचा पर्याय निवडता येतो.