मदत हवी आहे: ग्रीक चिठ्ठीतला 'मू' म्हणजे 'माझा' की 'मला'?

नमस्कार मंडळी. इथे ग्रीक येणारं कुणी असेल तर कृपया मदत करा, उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे.

आम्ही आठ महिन्यांपूर्वी अथेन्सला आलो, किप्सेली भागात राहतो. काल शेजारच्या आजींनी काचेच्या वाटीत विसिनो पाठवलं. विसिनो म्हणजे आंबट चेरी, पाकात मुरवलेली. आपल्या मुरांब्यासारखीच, पण बशीत चमचाभर वाढतात आणि सोबत गार पाणी देतात. वाटीवर चिठ्ठी चिकटवली होती. वाचायला सोपं जावं म्हणून नागरीत लिहिते:

'ओ योस मू ईपे ओती सू आरेसी तो विसिनो.'

मला कळतंय ते असं: 'ओ योस' म्हणजे मुलगा (कुणाचा तरी), 'ईपे' म्हणजे म्हणाला, 'ओती' म्हणजे की. 'सू आरेसी तो विसिनो' हे तर वाचताक्षणी कळलं: तुला विसिनो आवडतं. माझं पुस्तक इंग्रजीतून शिकवतं आणि त्यात या 'आरेसी'साठी दोन पानं खर्ची घातली आहेत, की ही रचना उलटी आहे, ज्याला आवडतं तो कर्ता नाही, जे आवडतं ते कर्ता. मला त्यात काहीच उलटं दिसेना. मला आंबा आवडतो, मला चिंचा आवडतात. क्रियापद आंब्या-चिंचांच्या मागे जातं, माझ्या नाही. आपण जन्मापासून असंच बोलतोय!

अडलंय ते 'मू'पाशी. पुस्तकात नामानंतर 'मू' आला की 'माझा': 'तो स्पीती मू', माझं घर. आणि क्रियापदाआधी आला की 'मला': 'मू आरेसी', मला आवडतं. इथे तो बरोब्बर दोघांच्या मधे बसलाय. मग 'माझा मुलगा म्हणाला' की 'मुलगा मला म्हणाला'? विचारायचं कारण, माझा सात वर्षांचा मुलगा जिन्यात आजींशी तासन्‌तास बोलत असतो. त्याने जाऊन मागितलं असेल तर मला आधी त्याच्याशी बोलावं लागेल.

दुसरं, 'मला'साठी षष्ठी का? मराठीत माझा वेगळा, मला वेगळा. ग्रीकसारख्या एवढ्या विभक्त्या जपणाऱ्या भाषेत हे दोन्ही एका शब्दात कसे गेले?

तिसरं, वाटी रिकामी परत करणार नाही, शिरा करून देणार आहे. सोबत दोन ओळी लिहायच्या आहेत. जमेल तशा लिहिल्या, कृपया तपासा: 'मू आरेसी पोली तो विसिनो. एल्पीझो आरेसी सास तो दिको मास ग्लीको.' म्हणायचंय असं: मला विसिनो खूप आवडलं, आमचा गोड पदार्थ तुम्हाला आवडेल अशी आशा आहे.

आणखी एक. 'आरेसी' मराठीसारखं निघालं म्हणून मी सगळीकडे तेच लावत सुटले. दुकानात 'मला पाणी हवंय' म्हणून 'मू थेली नेरो' म्हटलं, तर दुकानदार नुसता बघत राहिला. असं कुठे चालतं आणि कुठे नाही, याचा काही नियम आहे का?

---

प्रतिसाद

ताई, मी बारा वर्षं पिरेअसला होतो, जहाजाच्या नोकरीत. तुमचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी अडलाय, कारण खुद्द ग्रीक लोकांनाही लिहिताना इथे खूण करावी लागते.

चिठ्ठी पुन्हा नीट बघा. ग्रीकमध्ये एकाहून जास्त अवयवांच्या (म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांच्या) शब्दावर आघाताची, म्हणजे जोर कुठे द्यायचा ते दाखवणारी, तिरकी रेघ देतात. 'मू' एका अवयवाचा, त्यामुळे एरवी तो मोकळाच असतो. पण तो मागच्या नामाला चिकटलाय असं वाचलं जाण्याचा धोका असेल आणि लिहिणाऱ्याला 'मला' म्हणायचं असेल, तर 'मू'वर रेघ देतात. म्हणजे रेघ असेल तर 'मुलगा मला म्हणाला', नसेल तर 'माझा मुलगा म्हणाला'. 1982 मध्ये एकच आघातचिन्ह ठेवणारी पद्धत सरकारी झाली, त्यातही ही रेघ राखली आहे.

लांब शब्दात आघात शेवटून तिसऱ्या अवयवावर असला तर हे कानालाही कळतं. 'ओ दास्कालोस' म्हणजे शिक्षक, आघात 'दा'वर. 'शिक्षक मला म्हणाले' असेल तर तेवढाच. 'माझे शिक्षक म्हणाले' असेल तर 'लोस'वर दुसरा आघात येतो. 'योस' एवढासा असल्यामुळे ही सोय तिथे मिळत नाही.

आणि तुमच्या चिरंजीवांबद्दल असतं तर आजींनी 'ओ योस सू मू ईपे' लिहिलं असतं: तुझा मुलगा मला म्हणाला. 'माझा मुलगा मला म्हणाला' असेल तर 'ओ योस मू मू ईपे', दोन 'मू' शेजारी शेजारी. हे मी रोज ऐकलंय, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

षष्ठीबद्दल: प्राचीन ग्रीकमध्ये आपल्या 'मला'सारखी चतुर्थी होती, 'मोई'. ती बोलीतून हळूहळू गेली. दक्षिणेकडे, म्हणजे आजच्या प्रमाण भाषेत, तिचं काम षष्ठीने घेतलं, उत्तरेत द्वितीयेने. थेस्सालोनिकीला 'मे आरेसी' असंही कानावर पडतं. चतुर्थीची हाडं मात्र अजून सापडतात. दिवसातून शंभरदा ऐकता ते 'एंदाक्सी', म्हणजे ठीक आहे, ते मुळात 'एन ताक्सी', 'व्यवस्थेत', आणि त्यातली 'ताक्सी' ही जुनी चतुर्थीच आहे.

कर्ता कोण हे पाहायचं असेल तर विसिनोवर नका पाहू, ते नपुंसक, प्रथमा-द्वितीया सारखीच. कॉफी घ्या. 'मू आरेसी ओ काफेस', पण 'पीनो तोन काफे'. आवडते तेव्हा कॉफी कर्ता, 'स' टिकून. पितो तेव्हा कर्म, 'स' गेला. अनेकवचनात तुमच्या चिंचांसारखंच: 'मू आरेसून ई एल्येस', मला ऑलिव्ह आवडतात.

हवंय, भूक लागलीय, ताप आहे इथे मात्र मराठी विसरा. 'थेलो नेरो' (मी इच्छितो), 'पिनाओ' (मी भुकेला आहे), 'एखो पिरेतो' (माझ्याकडे ताप आहे, पण 'मी' कर्ता). एकच मोठा नियम नाही, क्रियापदागणिक पाठ करावं लागतं. 'आरेसी'च्या घरात राहणारं, रोज लागणारं अजून एक सांगतो: 'मू लीपिस'. शब्दशः 'तू मला उणा पडतोस'. तुझी आठवण येते, याला ते असं म्हणतात. घरी फोन करताना हे वाक्य मला सगळ्यात आधी तोंडपाठ झालं होतं.

तुमच्या चिठ्ठीत दोन बदल. आवडलं, म्हणून भूतकाळ: 'मू आरेसे', आघात 'आ'वर सरकतो, 'आरेसी'त तो 'रे'वर असतो. आणि 'आशा आहे' नंतर 'ना' हवा, 'सास' क्रियापदाआधी. आधुनिक ग्रीकमध्ये आपल्या 'आवडायला'सारखं रूप नाही, 'ना' लावून क्रियापद पुरुषानुसार चालवतात. तर: 'मू आरेसे पोली तो विसिनो. एल्पीझो ना सास आरेसी तो दिको मास ग्लीको.' आजी तुम्हाला 'सू' म्हणतात ते मायेने. तुम्ही 'सास' ठेवलंत ते उत्तम.

---

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. चिठ्ठी भिंगाखाली धरली. ईपे, ओती, आरेसी, विसिनो, चारही शब्दांवर रेघ ठसठशीत आहे. 'मू' मोकळा. म्हणजे आजींचा मुलगा! आता आठवलं, गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये त्यांच्या मुलाने हातातल्या पिशवीतली चेरी दाखवली होती आणि मी 'मू आरेसी' एवढंच म्हटलं होतं. माझ्या पोराला उगाच ओरडणार होते.

शिरा भाजायला घेतलाय. दोन्ही ओळी सुवाच्य अक्षरात लिहून झाल्या, 'आरेसे'च्या 'आ'वर रेघ देऊन.