सिक्वेल : उत्तरार्ध, पुढचा भाग की उत्तरकथा?

‘जुन्या धाटणीच्या ॲक्शन चित्रपटाचा सिक्वेल पाहताना झालेला आनंद’ हे मराठीत नेमके कसे लिहावे, असा प्रश्न चर्चेला आला आहे. यातल्या प्रत्येक पदाला मराठीत एकाहून अधिक पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्याय अर्थाला थोडी वेगळी दिशा देतो. सर्वांत अडचणीचे पद ‘सिक्वेल’ असल्यामुळे आरंभ तेथून करतो.

‘सिक्वेल’साठी ‘उत्तरार्ध’ हा शब्द सर्रास सुचवला जातो, पण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा ठरतो. उत्तरार्ध म्हणजे एकाच अखंड वस्तूचा नंतरचा अर्धा भाग; त्याच्याविना पूर्वार्ध अपुरा राहतो. चित्रपटांत अशी उदाहरणे आहेत, पण थोडी. रिचर्ड लेस्टर यांचे ‘द थ्री मस्केटीअर्स’ (1973) आणि ‘द फोर मस्केटीअर्स’ (1974) हे तलवारबाजीचे दोन चित्रपट एकाच चित्रीकरणातून काढले गेले. आपण एकाच चित्रपटात काम करत आहोत, अशी कलावंतांची समजूत होती. त्यामुळे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे करारात चित्रपटांची संख्या स्पष्ट लिहिण्याची पद्धत पडली. त्या दुसऱ्या चित्रपटाला उत्तरार्ध म्हणणे अगदी रास्त आहे. याउलट ‘द टर्मिनेटर’ (1984) हा स्वतःत पूर्ण चित्रपट होता. सात वर्षांनी आलेल्या दुसऱ्या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे तेच यंत्रमानवी रूप मारेकरी म्हणून नव्हे, तर रक्षक म्हणून येते, आणि या उलथापालथीचा सगळा परिणाम पहिल्या चित्रपटाच्या आठवणीवर उभा आहे. येथे अर्धे काहीच नाही; एक कथा संपली आहे आणि तिच्या स्मरणावर दुसरी रचली गेली आहे.

अशा रचनेसाठी ‘उत्तरकथा’ हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. ‘उत्तर’ म्हणजे ‘नंतरचे’ हा अर्थ आपल्याकडे जुना आणि पक्का आहे. संस्कृत नाटककार भवभूतीने रामाच्या पूर्वचरित्रावर ‘महावीरचरित’ लिहिले आणि राज्याभिषेकानंतरच्या आयुष्यावर ‘उत्तररामचरित’. पहिल्यात वीररस प्रधान आहे, दुसऱ्यात करुण. नंतरची कथा आधीच्या कथेचा केवळ शेपटासारखा वाढलेला भाग नसते, ती वेगळ्या रसाचीही असू शकते, हे त्या एका नावात सामावलेले आहे. शिवाय ‘पूर्वकथा’ ही जोडी आयती मिळते, आणि तिची गरजही पडते. इंडियाना जोन्सचा दुसरा चित्रपट 1984 साली, म्हणजे पहिल्यानंतर तीन वर्षांनी आला. पण पहिल्याची कथा 1936 मध्ये घडते आणि दुसऱ्याची 1935 मध्ये. त्याला ‘पुढचा भाग’ म्हटले, तर प्रदर्शनाच्या क्रमाने ते बरोबर आणि कथेच्या क्रमाने चूक ठरते. बोलताना ‘पुढचा भाग’ किंवा ‘दुसरा भाग’ म्हणण्यात काही बिघडत नाही, परंतु लिखाणात क्रम महत्त्वाचा असेल तेथे तो पुरेसा नाही. जेम्स बॉण्डच्या बहुसंख्य चित्रपटांसारखी स्वतंत्र कथानके असतील, तर ‘मालिकेतील चित्रपट’ एवढेच म्हणावे.

‘ॲक्शन’साठी थरारपट, साहसपट, मारधाडपट आणि देमार चित्रपट असे शब्द वापरात आहेत. थरारपटात उत्कंठा मुख्य असते, आणि एकही ठोसा न मारता तो उत्तम होऊ शकतो. साहसपटात प्रवास आणि शोध येतो. राहता राहिले ‘मारधाड’ आणि ‘देमार’. यांपैकी ‘देमार’ हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण तो खास मराठी घडणीचा आहे आणि उच्चारताच वेग जाणवतो. समीक्षेत तो पुष्कळदा हिणवण्यासाठी वापरला गेला, म्हणून टाकून देऊ नये. वापर बदलला की शब्दाची प्रतिष्ठाही बदलते.

‘जुन्या धाटणीचा’ आणि ‘जुना’ यांत मात्र काटेकोर भेद राखायला हवा, आणि ‘जुनाट’ तर येथे वापरूच नये, कारण तो आजाराला किंवा झिजलेल्या वस्तूला शोभतो. धाटणी म्हणजे घडवण्याची रीत. ती वयावर अवलंबून नसते. ‘टॉप गन’ (1986) या चित्रपटाची उत्तरकथा 2022 साली आली, म्हणजे ती नवीच आहे, पण तिची धाटणी जुनी आहे. कलावंतांना खऱ्या एफ/ए-18 लढाऊ विमानांच्या मागच्या आसनावर बसवून, आतच कॅमेरे लावून चित्रीकरण केले गेले, आणि वळणाच्या दाबाखाली त्यांचे ओढले गेलेले चेहरे आपल्याला दिसतात. टर्मिनेटरची 1991 ची उत्तरकथा संगणकी प्रतिमांसाठी गाजली, तरी सव्वादोन तासांच्या त्या चित्रपटात अशा प्रतिमा सुमारे पाचच मिनिटांच्या आहेत. पुलाखालून जाणारे हेलिकॉप्टर वैमानिकाने प्रत्यक्ष पुलाखालून नेले होते. खऱ्या वस्तूंचे वजन, कोण कोठे उभा आहे हे प्रेक्षकाला स्पष्ट कळेल असे दृश्य, आणि ज्याचा हेतू संदिग्ध नाही असा प्रतिनायक, एवढ्या गोष्टी ‘जुनी धाटणी’ या दोन शब्दांत मी धरतो.

आता ‘आनंद’. येथे नाट्यशास्त्राची परिभाषा फार उपयोगी पडते. वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली टिकाऊ भावना, उत्साह आहे, क्रोध नव्हे. क्रोध हा रौद्राचा. वीरापासून अद्भुताची आणि रौद्रापासून करुणाची उत्पत्ती होते, असेही नाट्यशास्त्राचा कर्ता भरत याने सांगितले आहे. जुन्या धाटणीचा देमारपट पाहून बाहेर पडताना मन हलके का असते आणि निव्वळ सूडाने भरलेला, रक्तबंबाळ चित्रपट पाहून ते जड का होते, याचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. हाणामारी दोन्हीकडे तेवढीच असते, परंतु एकीकडे उत्साहातून विस्मय निघतो आणि दुसरीकडे क्रोधातून शोक.

उत्तरकथेचा आनंद आणखी एका कारणाने वेगळा असतो. प्रेक्षकाच्या मनात पूर्वसंस्काराच्या रूपाने असलेला भाव रसात परिणत होतो, असे नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याचे म्हणणे आहे. तो संस्कार त्याने बराच व्यापक मानला होता, पण उत्तरकथेच्या बाबतीत त्याचा एक थर पहिल्या चित्रपटानेच घातलेला असतो. नायक काय करू शकतो हे सिद्ध करण्यात वेळ घालवावा लागत नाही. तो दारात उभा राहिला की आपला उत्साह जागा होतो. म्हणूनच ओळख पुन्हा पहिल्यापासून करून देणारी उत्तरकथा कंटाळवाणी वाटते, आणि ओळख गृहीत धरून संकट मात्र नवे आणणारी रंगते.

‘रंगणे’ हेच क्रियापद मी येथे सुचवीन. ‘आस्वाद घेणे’ यात सावकाशपणा आणि चोखंदळपणा आहे, तो देमारपटाला मानवत नाही. ‘मजा आली’ हे खरे आणि सोपे आहे, पण औपचारिक लेखनात तोकडे पडते. ‘रंगणे’ मात्र दोन्ही बाजूंनी चालते: चित्रपट रंगतो आणि प्रेक्षकही त्यात रंगतो. तेव्हा मूळ वाक्य असे लिहिता येईल : ‘जुन्या धाटणीच्या देमारपटाची ही उत्तरकथा पाहताना मी रंगून गेलो.’ लिहिणारी स्त्री असल्यास ‘गेले’ करावे. ‘उत्तरकथापट’ असा समास कोणी सुचवला, तर तो टाळावा. तो जिभेवर अडखळतो आणि ‘उत्तरकथा’ या शब्दात चित्रपटाचा संदर्भ वाक्यातूनच स्पष्ट होतो.