परकीय कोण, हे कशावरून ठरवायचे?

प्रश्न (सराफ व्यावसायिक, जळगाव)

आमच्या सराफ बाजारात दागिने घडवणारे अनेक कारागीर पश्चिम बंगालमधून आलेले आहेत. लहानशा खोलीत मांडी घालून, तोंडात फुंकणी धरून तारेचे सांधे झाळणारी ही मुले वर्षानुवर्षे आमच्याकडे राबत आहेत. बांगलादेशी घुसखोरांच्या शोधमोहिमेच्या बातम्या येऊ लागल्यापासून मात्र त्यांची भाषा कानावर पडली तरी लोक संशयाने पाहतात. बेकायदा आलेल्या परकीयाला परत पाठवलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. परंतु नागरिक कोण हे कशावरून ओळखायचे? आधार कार्ड पुरेसे आहे का?

उत्तर १ (निवृत्त महसूल कर्मचारी, धुळे)

आधार पुरेसे नाही. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधारच्या कायद्यातच म्हटले आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती सामान्यतः जन्माने नागरिक ठरते; त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांपैकी एक जण भारतीय असावा लागतो; आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, अशीही अट आहे. शिवाय आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच असते. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्यात ही तरतूद होती आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. ज्याच्या आईवडिलांचा जन्म कुठेच नोंदवला गेला नाही, अशा गरिबाला हे ओझे किती जड जाते, हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे.

उत्तर २ (केळी उत्पादक, रावेर)

गरिबाची अडचण मान्य, पण तिच्या आडून कारवाईच थांबवावी, हे मला पटत नाही. शेजारच्या मालेगावात जन्माच्या विलंबित नोंदींवरून गंभीर आरोप झाले, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि असे दाखले देणेही थांबवावे लागले. खोटा दाखला सहज मिळू लागला, तर खऱ्या दाखल्यालाही किंमत उरत नाही. आसाममधील लोकांनी घुसखोरीविरुद्ध १९७९ ते १९८५ अशी सहा वर्षे आंदोलन केले, ते काही हौसेने नव्हे. सीमा राखणे हे राज्याचे पहिले कर्तव्य आहे आणि तसे म्हणणाऱ्याला कोणी संकुचित ठरवू नये.

उत्तर ३ (माध्यमिक शिक्षिका, नंदुरबार)

सीमा राखण्याविषयी आपले दुमत नाही. माझा आक्षेप संशय कुठून सुरू होतो, याला आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. आधी चौकशी पूर्ण झाली असती, तर ही वेळ आली नसती.

राष्ट्रीयत्व बोलीवरून ठरवायचे, तर आपल्या खान्देशाचे काय करायचे? येथे अहिराणी, लेवा, पावरी, भिली, गुजराती आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारमध्ये तिरंगा हाती घेऊन इंग्रजांच्या गोळ्या झेलणारा शिरीषकुमार गुजराती घरातला होता आणि त्या मिरवणुकीतली 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनु' ही घोषणाही गुजरातीच होती. आमच्या शाळेतील मुले ती आजही अभिमानाने म्हणतात.

उत्तर ४ (निवृत्त महसूल कर्मचारी, धुळे)

सराफ साहेब, आपल्यापुरते सांगतो. प्रत्येक कारागिराचे मूळ गाव आणि तेथील पोलीस ठाणे लिहून घ्या, त्याच्या कागदपत्रांच्या प्रती ठेवा आणि स्थानिक ठाण्यात रीतसर माहिती द्या. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची मतदार यादीतील जुनी नोंद, जमिनीचे कागद, जे मिळेल ते त्याला गावाहून आत्ताच मागवू द्या. ताब्यात घेतल्यानंतर ते जमवणे फार कठीण जाते. मूळ कागद मात्र आपल्या तिजोरीत अडकवून ठेवू नका. ते त्याच्याच जवळ असले पाहिजेत.